घरच्या रेकॉर्डिंगसाठी मॉनिटर हेडफोन आणि स्पीकर कसे निवडावेत

दोन आठवडे खपून केलेलं मिक्स, म्हणजे सगळे आवाज आणि वाद्यं जुळवून बसवलेलं गाणं, मी पहिल्यांदा गाडीत लावलं आणि ऐकतो तर गायिकेचा आवाज बेस गिटारच्या ओझ्याखाली पार दबलेला. घरी टेबलापाशी हाच बेस मला अपुरा वाटत होता, म्हणून मी तो तीनदा वाढवला होता. स्पीकर नवे होते, चांगल्या नावाचे होते. पुढे मोजून पाहिलं तेव्हा कारण सापडलं. मी ज्या जागी बसत होतो तिथे ८५ हर्ट्झच्या आसपासचा आवाज जवळजवळ पोचतच नव्हता. स्पीकरमधून तो निघत होता, पण खोली तो वाटेतच गिळत होती, आणि तो भरून काढायला मी मिक्समध्ये खर्ज ओतत राहिलो होतो.

तेव्हापासून कुणी ‘कोणते मॉनिटर घेऊ?’ असं विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो: काम कोणतं करणार, आणि कोणत्या खोलीत बसणार? मॉडेलची नावं त्यानंतर. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

मॉनिटर कशाला म्हणायचं

गाणी ऐकण्यासाठी बनवलेल्या हेडफोन-स्पीकरमध्ये बऱ्याचदा खर्ज थोडा फुगवलेला असतो आणि वरच्या पट्टीला चकाकी दिलेली असते. ऐकायला ते छान लागतं. मिक्स करताना मात्र तेच अंगाशी येतं, कारण जे मिक्समध्ये नाही ते आहे असं वाटतं. मॉनिटरचं काम खूश करण्याचं नाही. ‘स’ टोचतोय का, दोन गिटार एकमेकींच्या अंगावर पडतायत का, वेगवेगळे टेक, म्हणजे एकेका वेळचं रेकॉर्डिंग, जोडलेल्या जागी खट्ट आवाज येतोय का, हे त्याने दाखवायचं.

पण ‘सपाट रिस्पॉन्स’, म्हणजे खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर सारख्याच जोराने वाजणं, एवढ्या एका शब्दावर भुलू नका. यामाहाचा एनएस-१० हा स्पीकर १९७८ साली आला तो घरी संगीत ऐकण्यासाठी. घरांत तो फारसा रमला नाही, पण जगभरच्या स्टुडिओंमध्ये मिक्सिंग कन्सोलच्या माथ्यावर त्याचा पांढरा शंकूसारखा पडदा दिसू लागला. २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, तरी अनेक इंजिनिअरांनी जुन्या जोड्या जपून ठेवल्या. तो सपाट नव्हता. त्याचे मधले सूर पुढे आलेले होते आणि खर्ज कमी होता. पण त्याची पेटी पूर्ण बंद असल्यामुळे आवाज चटकन सुरू व्हायचा आणि चटकन थांबायचा. आवाज आणि गिटार यांची गर्दी होते ती मधल्या पट्टीत, आणि नेमकी तीच पट्टी तो उघडी पाडायचा. काम करणाऱ्यांना त्याचा स्वभाव पाठ झाला होता. ही ओळख पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहे.

पायरी १: काम ठरवा

रेकॉर्ड करताना ऐकणं आणि मिक्स करताना ऐकणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. माइकसमोर गाणाऱ्याच्या कानात वाजणारा ट्रॅक माइकमध्ये शिरता कामा नये. त्या वेळी स्पीकर बंदच हवेत आणि हेडफोनही आवाज बाहेर न सोडणारा हवा. मिक्स करताना ही अट उरत नाही. तिथे स्पष्टता, डावी-उजवीकडची मांडणी आणि तासन्‌तास न थकणारा कान महत्त्वाचा.

तुम्ही माइकवर काहीही रेकॉर्ड करत असाल, तर पहिली खरेदी क्लोज्ड-बॅक, म्हणजे बंद पाठीच्या हेडफोनची. त्याला पर्याय नाही. सगळं संगीत संगणकातच घडत असेल आणि माइक लागतच नसेल, तर सरळ ओपन-बॅककडे, म्हणजे उघड्या पाठीच्या हेडफोनकडे वळा.

स्पीकर कधी? माझं मत स्पष्ट आहे: स्पीकरसाठी ठेवलेल्या पैशांतला निदान चौथा हिस्सा खोलीतला आवाज शोषून घेण्यावर खर्च करता येत नसेल, तर स्पीकर पुढे ढकला आणि ते पैसे एका उत्तम ओपन-बॅक हेडफोनवर लावा. उघड्या भिंतींच्या लहान खोलीतले महागडे स्पीकर मध्यम किमतीच्या हेडफोनपेक्षा जास्त दिशाभूल करतात. रात्री काम करत असाल, भिंती पातळ असतील, शेजारच्या खोलीत कुणी झोपत असेल, तरीही हाच सल्ला.

पायरी २: हेडफोनचा प्रकार

क्लोज्ड-बॅक हेडफोनमध्ये कपाची पाठ बंद असते, त्यामुळे आतला आवाज फारसा बाहेर जात नाही आणि बाहेरचा फारसा आत येत नाही. पण कोंडलेली हवा आपला परिणाम दाखवतेच. खर्ज कुठेतरी फुगतो, आवाज किंचित डब्यातून आल्यासारखा वाटतो, मांडणी आकसते. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून रेकॉर्डिंगच्या जगात वापरात आहे. त्याची वरची पट्टी तीक्ष्ण असल्याने श्वास, ओठांचे आवाज, चुकीची जोडणी लगेच पकडता येते, मात्र खर्जाचा निवाडा त्याच्यावर सोपवू नये. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्समध्ये खर्ज जरा भरीव आहे, आणि त्याची वायर काढता येते ही मोठी सोय. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो मखमली गाद्यांमुळे लांबलचक बैठकीत सुखाचा, पण त्यालाही वर धार आहे.

ओपन-बॅकमध्ये पाठ जाळीची असते. हवा मोकळी राहते, आवाज डोक्याबाहेर आल्यासारखा पसरतो आणि मधले सूर खरे लागतात. सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ हा पहिला ओपन हेडफोन बाजारात आणला. त्याच घराण्यातला १९९७ चा एचडी ६०० आजही मिक्स करणाऱ्यांचा विश्वासू सोबती आहे. आवाज आणि मधली वाद्यं बसवायला मला त्याच्यासारखं दुसरं काही सापडलेलं नाही. मर्यादा एकच: सर्वात खालचा खर्ज, साधारण ५० हर्ट्झच्या खालचा, त्यात ओसरत जातो. किक ड्रमचा पोटात जाणवणारा धक्का त्यावर ठरवू नका. बेयरडायनॅमिकचा डीटी ९९० ओपनच आहे, पण त्याची वरची पट्टी बरीच चढी. त्यावर मिक्स करणारा नकळत वरचे सूर कापतो, आणि मग तेच मिक्स इतरत्र मळकट वाजतं.

एकेजीच्या के२४०सारखे सेमी-ओपन हेडफोन म्हणजे मधला मार्ग, असं सांगितलं जातं. ऐकण्याच्या दृष्टीने ते खरं आहे, पण माइकच्या दृष्टीने ते ओपनच धरा.

हे मी अनुभवाने सांगतो. एका हळुवार गाण्याचे चार टेक आम्ही ओपन हेडफोनवर घेतले. गाताना काही कळलं नाही. नंतर ऐकलं तर दोन ओळींमधल्या शांततेत आणि शेवटच्या लांबवलेल्या सुरामागे क्लिकची, म्हणजे तालासाठी कानात वाजणाऱ्या ठोक्याची, टिकटिक स्पष्ट येत होती. सुरावर बसलेली टिकटिक कापून टाकता येत नाही. गायिकेला परत बोलवावं लागलं, आणि पहिल्या दिवशीचा भाव दुसऱ्या दिवशी तसाच आला नाही. क्लोज्ड-बॅक घेतल्यावरही एवढं करा: क्लिकचा आवाज लाकडी ठोक्यासारखा बोथट निवडा, गरजेपुरताच ठेवा, आणि गाणं जिथे विरत जातं तिथे क्लिक बंद करा.

पायरी ३: बसणं, इम्पीडन्स, जोडणी

हेडफोनचा खर्ज गादी कानाभोवती किती घट्ट बसते यावर ठरतो. चष्म्याची काडी किंवा जाड केसांची बट मध्ये आली तरी फट पडते आणि खर्ज निसटतो. पारख सोपी आहे. गाणं चालू असताना दोन्ही कप तळव्यांनी हलकेच दाबा. खर्ज एकदम वाढला तर तो हेडफोन तुमच्या डोक्याला नीट बसत नाही, मग त्याची कितीही ख्याती असो. निदान अर्धा तास घालून बसा. पाच मिनिटांत सगळेच हलके वाटतात. गाद्या आणि वायर बदलून मिळतात का, हेही पाहा. झिजून चपट्या झालेल्या गाद्यांमुळे आवाज खरोखर बदलतो. गादीचा पोत बदलला, म्हणजे मखमलीऐवजी कातड्यासारखी लावली, तरी बदलतो.

इम्पीडन्सचा, म्हणजे हेडफोनच्या विद्युतरोधाचा, ओहममधला आकडा अनेकांना गोंधळात पाडतो. डीटी ७७० प्रो हा ३२, ८० आणि २५० ओहम अशा आवृत्त्यांत मिळतो. एकाच व्होल्टेजला २५० ओहमच्या हेडफोनला ३२ ओहमच्या तुलनेत सुमारे एक अष्टमांश शक्ती मिळते, म्हणजे बाकी सगळं सारखं असेल तर आवाज अंदाजे ९ डेसिबल कमी. माइक, हेडफोन आणि स्पीकर संगणकाला जोडणाऱ्या, यूएसबीवर चालणाऱ्या लहान ऑडिओ इंटरफेसवर हा फरक जाणवतो: नॉब शेवटपर्यंत फिरवूनही ड्रमरला क्लिक पुरत नाही. फोन, लॅपटॉप आणि लहान इंटरफेस वापरणाऱ्याने ८० ओहमपर्यंतच राहावं. ३०० ओहमचा एचडी ६०० घ्यायचा तर इंटरफेसचा हेडफोन आउट दमदार आहे ना, हे आधी तपासा. याची उलट बाजूही आहे. कमी ओहमच्या हेडफोनला आउटपुटचा स्वतःचा इम्पीडन्स कमी लागतो. हेडफोनच्या ओहमचा आठवा भाग किंवा त्याहून कमी, हा चांगला ठोकताळा. तो जास्त असला तर काही हेडफोनचा खर्ज बेढब होतो.

ब्लूटूथ रेकॉर्डिंगला चालत नाही. बिनतारी आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचू शकतो, आणि त्याच्या कितीतरी कमी उशिरानेही गाणारा तालातून सुटतो. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन आवाजावर स्वतःची प्रक्रिया करतात, म्हणून तेही नकोत.

आता हेडफोन कोणता सूर किती जोराने वाजवतो हे दाखवणाऱ्या आलेखांबद्दल. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात केलेल्या संशोधनात दिसलं की, बहुतेक श्रोत्यांना चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा वाजणारा हेडफोन नैसर्गिक वाटतो. म्हणजे कानापाशी मोजलेली रेघ सरळ असणं हा हेडफोनच्या खरेपणाचा निकष नाही. मोजणाऱ्यांची उपकरणं आणि पद्धतीही वेगळ्या असतात. तुलना करायचीच तर एकाच जागी, एकाच पद्धतीने मोजलेल्या दोन आलेखांची करा.

पायरी ४: कानाने निवड

पाच गाणी निवडा, जी तुम्ही शेकडो वेळा ऐकली आहेत आणि ज्यांचं मिक्स तुम्हाला उत्तम वाटतं. दाबून लहान केलेल्या फाइली नकोत. एखादं गाणं फक्त आवाज आणि एका वाद्याचं असू द्या, एखादं गर्दीचं.

तुलनेचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे आवाजाची पातळी. दोन हेडफोनमध्ये एक डेसिबलचा फरक असला तरी मोठा वाजणारा ‘जास्त स्पष्ट’ वाटतो. म्हणून दर वेळी बदलताना पातळी जुळवून घ्या. मग हे ऐका: बेसच्या चालीतला प्रत्येक सूर सारख्या वजनाचा येतो की एखादाच उसळतो? गाण्यातला ‘स’ आणि ‘श’ वेगळे कळतात का? रिव्हर्बची, म्हणजे आवाजामागे रेंगाळणाऱ्या घुमाऱ्याची, शेपटी कुठे संपते हे सांगता येतं का? मधोमध ठेवलेला आवाज नेमका मधोमध आहे का? शेवटी एखादं वाईट मिक्स लावा. ते तुम्हाला वाईटच ऐकू आलं पाहिजे. ज्या हेडफोनवर सगळंच गोड लागतं तो मॉनिटरच्या कामाचा नाही.

पायरी ५: स्पीकरआधी खोलीचं माप

टेप घ्या आणि खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये मोजा. १७२ या आकड्याला प्रत्येक मापाने भागा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्याच्या निम्मे म्हणजे हा आकडा. उत्तरात येईल ती त्या दिशेची सर्वात खालची घुमणारी वारंवारता. ४ मीटर लांबीला ४३ हर्ट्झ, ३ मीटर रुंदीला ५७, २.८ मीटर उंचीला ६१. या वारंवारता आणि त्यांच्या दुप्पट-तिप्पट वारंवारता खोलीत कुठे फुगतील, कुठे नाहीशा होतील. दोन मापं सारखी असली तर घुमणं एकावर एक चढतं, आणि तिन्ही सारखी असलेली चौकोनी खोली सर्वात त्रासाची. खोल्यांतून निवड करता येत असेल तर जिची मापं एकमेकांपासून दूर आहेत ती घ्या.

कान लावून पाहायचं असेल तर संगणकातून ६० हर्ट्झचा एकसलग सूर हलक्या आवाजात लावा आणि खोलीत हळूहळू फिरा. एका पावलावर तो छातीत भरतो, तर दुसऱ्या पावलावर गायब होतो. हे एकदा अनुभवलं की स्पीकरच्या जाहिराती वाचण्याची तुमची नजर बदलते.

पायरी ६: स्पीकरची निवड

घरासाठी अॅक्टिव्ह स्पीकरच घ्या. त्यात अॅम्प्लिफायर आतच असतो आणि तो ड्रायव्हरला, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाला, जुळवलेला असतो.

आकाराबाबत हाव नको. १० चौरस मीटरच्या आसपासच्या खोलीत ५ इंची वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा ड्रायव्हर, पुरे. त्याहून मोठ्या आणि नीट शोषक लावलेल्या खोलीत ६ ते ७ इंची. लहान, उघड्या खोलीतला ८ इंची स्पीकर खोलीचं घुमणं जास्त खोलवर जागं करतो, आणि जवळून ऐकायलाही तो अवघड. साडेतीन इंची स्पीकर फक्त टेबल अगदीच लहान असेल तर. बेस गिटारच्या सर्वात खालच्या तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा आहे. लहान स्पीकरमध्ये तो मूळ सूर जवळजवळ येतच नाही, फक्त त्याचे वरचे अंश येतात. ती उणीव हेडफोनने भरून काढता येते. फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, म्हणजे सबवूफर, पहिल्या वर्षात नको.

माहितीपत्रक वाचताना आकड्यांच्या शेजारी कंसात काय आहे ते पाहा. यामाहाच्या एचएस५ साठी ५४ हर्ट्झ हा आकडा दिलेला आहे, पण तो १० डेसिबल खाली घसरल्यावरचा. ३ डेसिबलच्या घसरणीला तोच स्पीकर ७४ हर्ट्झवर असतो. यात लपवाछपवी नाही, कंपनीने दोन्ही आकडे दिले आहेत. पण एकाचा १० डेसिबलचा आकडा आणि दुसऱ्याचा ३ डेसिबलचा आकडा शेजारी ठेवून तुलना केली तर फसगत ठरलेली. घसरण किती हे न सांगता नुसताच आकडा देणाऱ्या पत्रकाला किंमत देऊ नका.

पोर्ट म्हणजे पेटीला पाडलेलं भोक. ते मागे असेल तर भिंत आणि स्पीकर यांच्यात थोडी जागा हवी, सहसा १० ते १५ सेंटीमीटर, पण त्या स्पीकरच्या पुस्तिकेतला आकडा शेवटचा. एचएस५ आणि अॅडम कंपनीचा टी५व्ही मागच्या पोर्टचे, तर काली कंपनीचा एलपी-६ पुढच्या पोर्टचा. स्पीकर भिंतीजवळच ठेवावे लागणार असतील तर पुढचा पोर्ट किंवा बंद पेटी जास्त सोयीची. मागच्या बाजूला खर्ज कमी करायचे स्विच आहेत का, हे आवर्जून बघा. एचएस५वर २ आणि ४ डेसिबलची कपात करता येते. एलपी-६वर स्पीकर भिंतीजवळ आहे की टेबलावर, त्याप्रमाणे लावायचे स्विच आहेत. लहान खोलीत हे स्विच रोज कामी येतात.

दुकानात शक्य असेल तर काहीही न वाजवता स्पीकर चालू करा आणि कान हातभर अंतरावर न्या. तिथे येणारी सूं-सूं घरी मध्यरात्री तुमच्या सोबतीला असणार आहे. जोडणी इंटरफेसपासून बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरची किरकिर रोखणाऱ्या, टीआरएस किंवा एक्सएलआर टोकाच्या वायरनेच करा. अनबॅलन्स्ड वायरीत संगणकाची किरकिर आणि विजेची घरघर शिरते. सुरू करताना स्पीकर सर्वात शेवटी, बंद करताना सर्वात आधी.

पायरी ७: मांडणी

इथे सर्वात जास्त वेळ द्या. या पायरीला पैसे लागत नाहीत, आणि फरक मात्र सर्वात मोठा पडतो.

तोंड खोलीच्या आखूड भिंतीकडे करून बसा, म्हणजे पाठीमागे लांबी मोकळी राहील. डाव्या आणि उजव्या भिंतीपासून अंतर सारखं ठेवा. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडं दार असेल तर मधोमधचा आवाज कलतो. डोकं खोलीच्या अगदी मध्यावर नको, कारण तिथे लांबीचा सर्वात खालचा सूर नाहीसा होतो. पाठ मागच्या भिंतीला टेकलेली नको, कारण तिथे खर्ज फुगतो. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर डोकं, ही सुरुवातीची जागा धरा. ४ मीटरच्या खोलीत ती दीड मीटरवर येते. तिथून पुढे-मागे सरकत कान सांगेल तिथे थांबा.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा, बाजू साधारण एक ते सव्वा मीटर. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा लहान ड्रायव्हर, कानाच्या उंचीला. स्पीकर उभेच ठेवा. आडवे केले की वूफर आणि ट्वीटर शेजारीशेजारी येतात, आणि डोकं जरा हललं तरी दोघांचं कानापासूनचं अंतर वेगवेगळं बदलून मधल्या पट्टीचा रंग पालटतो. टेबलावर ठेवण्यापेक्षा टेबलामागे स्टँडवर ठेवणं बरं. टेबलाच्या पृष्ठभागावरून उसळलेला आवाज थेट आवाजात मिसळून त्याला पोकळ करतो.

आता समोरच्या भिंतीपासूनचं अंतर. स्पीकरमधून निघालेला खर्ज चहूबाजूंनी पसरतो. मागे गेलेला भाग भिंतीवर आपटून परत येतो, आणि ज्या वारंवारतेची पाव लहर त्या अंतराएवढी असते ती वारंवारता परतताना बरोबर उलटी होऊन पुढे जाणाऱ्या आवाजाला पुसून टाकते. हिशोब सोपा: ८६ ला मीटरमधल्या अंतराने भागा. स्पीकरचं तोंड भिंतीपासून १ मीटरवर असेल तर ही पुसली गेलेली जागा, म्हणजे खाच, ८६ हर्ट्झला. ६० सेंटीमीटरवर १४३ ला. २५ सेंटीमीटरवर ३४४ ला.

माझ्या बुडालेल्या बेसचं कोडं इथे सुटलं. स्पीकर भिंतीला चिकटवू नयेत असं वाचून मी ते मुद्दाम मीटरभर पुढे ओढले होते आणि बेसच्या गाभ्यालाच भोक पाडून बसलो होतो. खाच ४० हर्ट्झच्या खाली न्यायची तर दोन मीटरहून जास्त अंतर लागतं, आणि तेवढी जागा घरात कुणाकडे असते? म्हणून मी उलटा मार्ग धरला. स्पीकर भिंतीजवळ २५ सेंटीमीटरवर आणले, भिंतीमुळे वाढलेला खर्ज मागच्या स्विचने उतरवला, आणि ३४४ च्या आसपासच्या नव्या खाचेसाठी स्पीकरमागे भिंतीवर जाड शोषक पॅनेल लावलं. तेवढ्या वरची वारंवारता पॅनेल शोषू शकतं. ८६ साठी ते पॅनेल निरुपयोगी ठरलं असतं. लहान खोलीत अर्धा ते दोन मीटर हा पट्टा मी टाळायलाच सांगतो.

पायरी ८: शोषक आणि मोजणी

बसून राहा आणि कुणालातरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथे पॅनेल हवं. दुसऱ्या बाजूला आणि डोक्यावरच्या छतालाही तसंच. दगडी लोकर किंवा काचलोकर, निदान १० सेंटीमीटर जाड, कापडात गुंडाळलेली. भिंतीपासून थोडं अंतर सोडून लावली तर आणखी खाली काम करते. कोपऱ्यांत याहून जाड थर हवा, कारण खर्ज कोपऱ्यांत साचतो. पातळ फोमचे चौकोन आणि अंड्यांचे ट्रे फक्त वरचे सूर खातात. खोली निर्जीव वाटू लागते आणि घुमणं तसंच राहतं.

रूम ईक्यू विझार्ड हा मोफत प्रोग्राम आणि मोजणीचा एक साधा माइक मिळाला तर डोकं असतं त्या जागी माइक ठेवून मोजा. लक्ष ३०० हर्ट्झच्या खाली ठेवा. उंचवटे इक्वलायझरने, म्हणजे एकेका पट्टीचा जोर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, थोडे कापता येतात. खाचा मात्र भरता येत नाहीत. तिथे जितकं वाढवाल तितकाच परतणारा आवाजही वाढतो आणि पुन्हा पुसतो. खाचेवर उपाय एकच: स्पीकर किंवा खुर्ची हलवा.

पायरी ९: पातळी ठरवा आणि कान जपा

१९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवून दिलं की हलक्या आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. म्हणजे नॉब फिरला की मिक्सचा तोलही फिरतो. त्यामुळे कामाची एक पातळी ठरवून टाका. लहान खोलीत ७० ते ७५ डेसिबल योग्य. पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या पट्ट्यांतले सूर एकत्र असलेला एकसलग खळखळाट, लावून आधी डावा, मग उजवा स्पीकर एकेकटा मोजा, दोन्ही सारखे करा, आणि इंटरफेसच्या नॉबवर त्या जागी खूण करा. फोनमधलं ध्वनिमापक ॲप अचूक नसलं तरी दोन स्पीकर जुळवायला पुरतं.

अमेरिकेतल्या निओश या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या सरकारी संस्थेची शिफारस आहे की ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला ४ तास, ९१ ला २. हेडफोनवर पातळी कळत नाही, म्हणून तिथे जास्त सावध राहा. मी दर पाऊण तासाने दहा मिनिटं शांत बसतो. त्यानंतर ऐकलेल्या पहिल्या अर्ध्या मिनिटात जे खटकतं ते बहुधा खरं असतं.

पायरी १०: ओळख वाढवा

नवी जोडी आली की महिनाभर सगळं संगीत तिच्यावरच ऐका. मिक्स करताना एक ओळखीचं गाणं त्याच प्रोजेक्टमध्ये ठेवा, पातळी जुळवा आणि अधूनमधून त्याच्याकडे वळून या.

मी तोल, पॅनिंग म्हणजे कोणतं वाद्य किती डावीकडे-उजवीकडे ठेवायचं ते, आणि रिव्हर्बचं प्रमाण स्पीकरवर ठरवतो. हेडफोनवर डावा कान फक्त डावंच ऐकतो, त्यामुळे पॅन केलेलं वाद्य फार लांब वाटतं आणि रिव्हर्ब फार स्पष्ट, साहजिकच तो कमी टाकला जातो. जोडण्या, श्वास, खरखर आणि खालचा खर्ज मी हेडफोनवर तपासतो. मग सगळं मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र, करून एकाच लहान स्पीकरवर, हलक्या आवाजात. ऑराटोनसारख्या एका ड्रायव्हरच्या ठोकळ्यावर ऐकून पाहण्याची जुनी पद्धत याचसाठी होती: तिथेही शब्द कळले तर आवाज नीट बसला.

स्पीकर आणि हेडफोन दोघांनीही खर्ज जास्त आहे असं सांगितलं तर तो जास्तच आहे. एकट्या स्पीकरने सांगितलं तर आधी खोलीवर संशय घ्या. माझ्या टेबलाच्या खणात याची एक वही आहे. पहिल्या पानावर या खोलीबद्दल तीन नोंदी आहेत: ११४ हर्ट्झ इथे जास्त वाजतो, हात लावू नये, किकचा तळ हेडफोनवर ठरवावा, आणि खुर्चीचा मागचा पाय फरशीवरच्या खुणेवर हवा.